समता कॉलनीतलं एकमत

‘समकालीन राजकीय सिद्धांत’ या पेपरात धम्मपाल सर पहिल्यांदा नापास झाले, तेव्हा रिसोडच्या समता कॉलनीत कुणी ते मनावर घेतलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, दिवसभर शाळेत पोरांवर ओरडणारा, एखाद्या पेपरात घसरायचाच. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मात्र कॉलनीनं त्यांना दत्तकच घेतलं. जो भेटेल तो सल्ला देऊ लागला.

“सर, पेपरात जागा रिकामी सोडत जाऊ नका,” कापड दुकानवाले उकंडराव म्हणाले. “कायबी लिहा, पन पान भरा.”

सरांनी पानं भरलीच होती. पुरवण्या जोडल्या होत्या. त्या पुरवण्यांसकट ते नापास झाले होते. पण हे उकंडरावांना सांगण्यात काही अर्थ नव्हता.

“माई सून चालली पोहरादेवीले,” शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या. “तिच्या हाती तुमच्या नावाचं नारळ पाठवू का? तुमी मानत नाई ते मले ठाऊक हाय. पन पेपर तपासनारा मानत असन तं?”

सर हसून गप्प बसले. आजकाल हसून गप्प बसणं हा त्यांचा जोडधंदा झाला होता.

एम.ए.चे बाकी सगळे पेपर निघाले होते. अडला होता तो हाच एक. आणि सरांचं सगळं त्याच्यावर अडलं होतं. शाळेत ते इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत. आता नागरिकशास्त्र म्हणजे काय, तर इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. वर्षअखेरीला, पोरं वनभोजनाच्या गोष्टी करत असताना, ‘उरलेलं घरी वाचून घ्या’ म्हणून संपवायचा. संस्थेच्याच कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्राची जागा रिकामी होणार होती. तिथं राज्यशास्त्र स्वतःच्या पायांवर उभं असतं, त्याला स्वतःचा तास असतो, वेळापत्रकात पूर्ण नाव असतं. त्या तासावर उभं राहून शिकवायचं, एवढंच सरांचं स्वप्न होतं. मोठं नव्हतं, पण आत फार खोल रुतलेलं होतं.

अडचण पुस्तकाची होती. मुक्त विद्यापीठाच्या अध्ययन केंद्रानं दिलेलं ते पुस्तक मराठीत होतं असा केंद्राचा दावा होता. ‘आंतरव्यक्तिनिष्ठ वैधतेच्या प्रक्रियात्मक पूर्वअटींची अ-बलजन्य परिपूर्ती’ असं एक वाक्य सरांनी इतक्या वेळा वाचलं होतं की पौर्णिमाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते भाकरी थापताना पाठ झालं. त्या वाक्याचं क्रियापद पुढच्या पानावर होतं आणि पुढचं पान शिलाईत गेलं होतं. सरांनी ते पान सुरीनं सोडवलं. त्यावर क्रियापद नव्हतंच. नवं प्रकरण सुरू झालं होतं.

“काहून एवढं डोस्कं खपवून राह्यले?” पौर्णिमाताई म्हणायच्या. “आहे त्या नोकरीत काय वाईट हाय?”

“तुले नाई समजनार.”

“मले नाई समजत, तुमाले नाई समजत. मंग सुखी कोन हाय दोघांत, तेवढं सांगा.”

परीक्षेचा तिसरा हंगाम आला तेव्हा सर वाशीमला केंद्रावर गेले. तिथं मार्गदर्शक म्हणून नवीन सर होते. तासिका तत्त्वावर काम करणारे, दोन वाक्यांनंतर एकदा उसासा टाकणारे तरुण प्राध्यापक. घोटाळा असा, की हे नवीन सर सातवीत असताना धम्मपाल सरांचेच विद्यार्थी होते. त्यामुळे दोघांची भेट म्हणजे एक संकटच असे. गुरू खुर्चीवरून उठे, शिष्य खुर्चीवरून उठे, आणि शेवटी दोघे उभ्यानंच बोलत.

“सर, तुम्ही बसा.”

“नाही सर, तुम्ही बसा. इथं तुम्ही सर आहात.”

“सर, असं नका म्हणू. मला कसंतरीच होतं.”

उभ्याउभ्याच नवीन सरांनी मार्ग सुचवला. आता नव्या नियमानुसार लेखी पेपराऐवजी क्षेत्रकार्य करता येत होतं. एखादा सिद्धांत घ्यायचा, आपल्या परिसरात लावून पाहायचा, अहवाल लिहायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकापुढं तोंडी परीक्षा द्यायची.

“विचारविनिमयी लोकशाही घ्या,” नवीन सर म्हणाले. “निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सगळ्यांना एकत्र बसवायचं. कुणी पद, वय, दरारा वापरायचा नाही. मतदान नाही. समोरच्याला पटतील अशी कारणं द्यायची आणि एकमत होईपर्यंत बोलायचं. तुमच्या कॉलनीत एखादा वाद आहे का?”

सरांनी खूप आठवून पाहिलं. “नाही हो,” ते खिन्नपणे म्हणाले. “आमच्याकडे फार एकोपा आहे.”

“मग कठीण आहे,” म्हणून नवीन सरांनी उसासा टाकला.

परतीच्या एसटीत, रिसोड यायच्या थोडं आधी, सरांना स्पीडब्रेकर आठवला.

समता कॉलनीतला रस्ता सिमेंटचा झाल्यापासून सोयाबीनचे ट्रॅक्टर मार्केट यार्डाकडं जायला हाच आडमार्ग धरत होते. मोटरसायकलवाली पोरं तर रस्ता संपल्यावर थांबावं लागतं हेच विसरली होती. म्हणून एक स्पीडब्रेकर मंजूर झाला होता आणि तो हरिसिंगच्या घरासमोर होणार होता. त्यावर कुणाचंही काही म्हणणं नव्हतं. हरिसिंग म्हणजे निवृत्त पोलीस जमादार, भरघोस मिशीचा, दणदणीत आवाजाचा माणूस आणि सरांचा जिवाचा दोस्त. रोज सकाळी दोघं हरिसिंगच्या ओट्यावर चहा घेत. हरिसिंगनं एक दिवस ठेकेदार बबलूला बोटानं दाखवलं होतं, “इथं टाक.” बबलू म्हणाला होता, “बरं काका.” झाला निर्णय.

पण चर्चा कुठं झाली होती? कारणं कुठं मांडली गेली होती? एसटीच्या खिडकीत सर ताठ बसले. ज्याला ते इतके दिवस एकोपा समजत होते, ती प्रक्रियात्मक पूर्वअटींची धडधडीत पायमल्ली होती.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी हरिसिंगला सांगितलं.

“म्हंजे ब्रेकर माह्याच घरापुढं होईन, पन त्याच्या आधी सगळ्यांनी बोलायचं?” हरिसिंग म्हणाला.

“हो. फक्त बोलायचं.”

“बोला मंग. तुही परीक्षा निघत असन तं मी दोन रात्री भाषन ठोकतो. खुर्च्या माह्याकडच्या घेऊन जा.”

इतका भला माणूस होता तो. ही गोष्ट पुढं सरांना फार वेळा आठवायची होती.

पहिली बैठक पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत झाली. सरांनी नियम समजावले. लोकांनी माना डोलावल्या. हरिसिंग म्हणाला, “माह्या घरापुढं टाका.” सगळे म्हणाले, “बरोबर हाय.” आणि लोक उठायला लागले.

“थांबा, थांबा!” सर कळवळून ओरडले. “असं नाही चालत. कारणं द्या! सोजरबाई, तुम्ही कधी बोलत नाही. तुम्हाला काय वाटतं?”

सोजरबाईंना काय वाटतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या पुन्हा बसल्या, पदर सारखा केला आणि विचार करायला लागल्या. समता कॉलनीचा ऱ्हास त्या क्षणापासून मोजायचा.

“आता तुमी इचारलंच हाय तं सांगतो,” त्या म्हणाल्या. “ब्रेकरवर ट्रॅक्टर उसळते. उसळला का सोयाबीन सांडते. ते जमादाराच्या घरापुढं काहून सांडावं? माह्या कोंबड्या हायत.”

उठलेले लोक पुन्हा बसले. ही बाजू कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. पलीकडच्या ओळीतल्या रुख्मिणीबाई म्हणाल्या की कोंबड्या त्यांच्याकडेही आहेत आणि जास्त आहेत. उकंडरावांनी विचारलं की गाडी आदळली की भिंतीला तडे जातात, त्याची भरपाई कोण देणार. ज्यांना ब्रेकर हवा होता त्यांना सोयाबीन हवं होतं आणि तडे नको होते. ज्यांना नको होता त्यांना तो शेजाऱ्याकडंही नको होता. सरांनी वहीत लिहिलं, ‘सहभागींमध्ये लक्षणीय चैतन्य.’

आठवड्याभरात हे चैतन्य आवरेना झालं. व्हॉट्सअपवर ‘समता कॉलनी’ असा एकच गट होता, त्यावर लोक सकाळी फुलं टाकायचे. आता उकंडरावांनी ‘मूळ समता कॉलनी’ काढला. रुख्मिणीबाईंच्या सुनेनं ‘खरी समता कॉलनी’ काढला. दोन्हीकडं सरांना घेतलं गेलं आणि दोन्हीकडून ते पलीकडच्या गटात आहेत म्हणून काढून टाकलं गेलं. सोजरबाई आणि रुख्मिणीबाई इतकी वर्षं एकाच चक्कीवर बरोबर दळण घेऊन जायच्या. आता एक सकाळी जाई, दुसरी सायंकाळी.

सरांनी नवीन सरांना फोन केला.

“हितसंबंध आडवे येताहेत सर,” पलीकडून उसासा आला. “अज्ञानाचा पडदा वापरून पाहा. आपण कोण आहोत, आपलं घर कोणतं, हे माहीतच नाही असं प्रत्येकानं समजायचं. मग जो निर्णय होईल तो न्याय्य.”

“हे चालेल?”

“पुस्तकात चालतं सर.”

दुसऱ्या बैठकीत सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावलं. “समजा,” ते मृदू आवाजात म्हणाले, “आपलं घर कोणतं ते आपल्याला ठाऊक नाही.”

थोडा वेळ बरा गेला. मग सोजरबाईंचा घाबरलेला आवाज आला. “माह्यं घर कोनतं ते मले ठाऊक नसन, तं मी आता जाऊ कुठं?”

“तसं नाही, नुसतं समजायचं.”

“समजून राह्यलो न बापा. म्हनून तं भेव लागून राह्यलं.”

उकंडरावांनी डोळे उघडले होते. “सर, हे काय चालू हाय? माह्यं घर माह्या नावावर हाय. आता लोकाईनं डोये मिटून म्हनलं का उकंडरावचं घर कोनतं ते ठाऊक नाई, तं उद्या कोनी म्हनन का नाईच!” आणि ते तरातरा घरी जाऊन घरपट्टीची पावती घेऊन आले. ती पाहून बाकीच्यांनाही शंका आली. घटकाभरात टाकीजवळ सगळी कॉलनी आपापल्या पावत्या घेऊन उभी होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पावतीकडं संशयानं बघत होता.

“बास झालं!” हरिसिंग उठला. त्याचा तो ठाण्यातला आवाज टाकीवर आदळून परत आला. “मी सांगतो तिथं होईन ब्रेकर. आपापल्या घरी जा सगळे.”

लोक खरोखरच घरी निघाले. त्या वेळी सरांनी गप्प बसायला हवं होतं. पण समोर अहवाल होता, बाहेरचा परीक्षक होता, स्वतःच्या पायांवर उभं असलेलं राज्यशास्त्र होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “हरिसिंगजी, इथं तुमची जमादारकी चालणार नाही.”

उभ्या आयुष्यात त्यांनी त्याला ‘हरिसिंगजी’ म्हटलं नव्हतं. तो ‘जी’च जास्त लागला असावा.

हरिसिंगनं आपली खुर्ची घडी केली. मग शेजारची केली. मग एकेक करून तो शांतपणे सगळ्या खुर्च्या घेऊन गेला. दोन फेऱ्या मारल्या त्यानं. निघालेली कॉलनी पावत्या धरून उभी राहिली आणि सरांना वाटलं, तिसऱ्या फेरीत हा आपल्यालाही उचलून कुठंतरी ठेवून येईल तर बरं. पण तो आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद. सर आपल्या ओट्यावर, हरिसिंग आपल्या ओट्यावर, मध्ये चार-पाच घरं आणि तो गुळगुळीत सिमेंटचा रस्ता. दोघंही कप तोंडाला लावून विरुद्ध दिशांना पाहत. सरांना त्या चहाची चवच लागत नसे. पौर्णिमाताई एकदा साखर घालायला विसरल्या, तेही त्यांना कळलं नाही.

“जा न, बोला त्याहिच्यासोबत,” त्या म्हणाल्या.

“बोललो असतो. पण तो प्रयोगातला सहभागी आहे. मी एकांतात बोललो तर निष्कर्ष दूषित होईल.”

पौर्णिमाताईंनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. लग्नाच्या वेळी हा माणूस बरा दिसला होता, असं काहीसं त्या नजरेत होतं.

शेवटी ठेकेदार बबलू आला. त्याचं सिमेंट हवा खाऊन खडे होत होतं. “सर, जागा सांगा. नाईतं मी दुसऱ्या वार्डात टाकून मोकळा होतो. मंग इथं कोनी गाडीखाली आलं तं माह्यं नाव नाई सांगायचं.”

तिसरी बैठक उभ्यानं झाली, कारण खुर्च्या नव्हत्या. तरी सगळे आले. हरिसिंगही आला आणि मागं, विजेच्या खांबाला टेकून उभा राहिला. उकंडराव बोलले, सोजरबाई बोलल्या, रुख्मिणीबाई बोलल्या. कारणं तीच होती, फक्त आता प्रत्येकाला दुसऱ्याची पाठ झाली होती. मग खांबाजवळून आवाज आला.

“मले बोलायचं हाय. नियमात बसून बोलतो.”

सगळे वळले.

“सोजरबाई, तुमाले रुख्मिणीबाईच्या घरापुढं नको. रुख्मिणीबाईले तुमच्या घरापुढं नको. उकंडरावले भिताडाची काळजी. बरोबर हाय?” माना हलल्या. “आता असं घर पाहा, ज्याच्यात कोंबड्या नाईत. ज्याची भित नवीन हाय. जे कॉलनीच्या बरोबर मधात हाय. अन् ज्याचा मालक स्वतःच म्हनते का आपलं घर कोनतं ते ठाऊक नाई असं समजा.” तो थांबला. “ब्रेकर मास्तरच्या घरापुढं टाका.”

कॉलनीनं वळून सरांच्या घराकडं पाहिलं. मग उकंडराव म्हणाले, “कारन पटते.” सोजरबाई म्हणाल्या, “मलेबी पटते.” रुख्मिणीबाई सोजरबाईंकडं पाहून म्हणाल्या, “सोजरबाईचं बरोबर हाय,” आणि दोघी हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या!

सरांनी तोंड उघडलं. भाजीवाल्यापासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक गाडी आपल्या फाटकासमोर आदळणार, अभ्यास होणार नाही, झोप होणार नाही. पण ही कारणं स्वार्थाची होती, इतरांना पटण्यासारखी एकही नव्हती. त्यांनी आशेनं बायकोकडं पाहिलं.

“मलेबी पटलं,” पौर्णिमाताई म्हणाल्या. “दनका बसला तं बसला, पन हे एकदाचं संपन.”

मतदान नाही, दबाव नाही, पद नाही, दरारा नाही. सगळ्या बाधितांचं, कारणांवर आधारलेलं, संपूर्ण एकमत. पुस्तकात लिहिलेलं जसंच्या तसं समता कॉलनीत घडलं होतं, आणि ते घडवून आणणारा माणूस सगळ्यांच्या मधोमध रडवेला उभा होता. दुसऱ्याच दिवशी बबलूनं ब्रेकर टाकला. उरलेलं सगळं सिमेंट त्यानं त्यातच घातल्यामुळं तो टेकाडासारखा झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक फार घाईत होते. त्यांची गाडी खाली सुरू होती. त्यांनी अहवाल मागून पुढं चाळला.

“एकमत झालं म्हणता?”

“झालं सर.”

“कोणतं?”

“माझ्याविरुद्ध.”

परीक्षकांनी चष्मा काढला. “तुम्हीही बाधित घटक होता. तुमची संमती मुक्त होती का?”

“मुक्त होती सर,” धम्मपाल सर म्हणाले. “डोळ्यांत पाणी होतं, पण संमती मुक्त होती.”

कोपऱ्यात नवीन सरांनी उसासा टाकला. परीक्षकांनी काहीतरी खरडलं आणि ते गेले. निकालात सरांच्या नावापुढं ‘अनुत्तीर्ण’ होतं. शेरा असा, की सदर एकमत हे विचारविनिमयातून नव्हे तर सहभागींच्या कंटाळ्यातून निर्माण झालेलं दिसतं, सबब विद्यार्थ्यानं नव्या विषयावर नव्यानं प्रयोग करावा.

“सर, खरं सांगू?” नवीन सर फोनवर म्हणाले. “या पेपरात मी कसा पास झालो ते मला अजून कळलेलं नाही. आणि पुढच्या वर्षी मी इथं असेन की नाही तेही ठाऊक नाही.”

त्या दोघांनी मग फोनवर बराच वेळ काहीच न बोलता एकमेकांचं सांत्वन केलं. जागा त्याच महिन्यात भरली गेली. मेहकरकडचा कुणी तरुण आला म्हणे. सरांनी शाळेत नागरिकशास्त्राचं शेवटचं प्रकरण ‘घरी वाचून घ्या’ म्हणून संपवलं आणि ते म्हणताना त्यांचा आवाज इतका पडला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चूप झाली.

आणि घरी ब्रेकर होता. पूर्वी लोक भुर्रकन निघून जायचे, सरांना हात वर करायलाही वेळ मिळत नसे. आता प्रत्येक गाडी त्यांच्या फाटकासमोर हळू होई, आणि हळू झालेल्या माणसाला काहीतरी बोलावंच लागतं. “काय सर, लागला का निकाल?” दूधवाला विचारी. “राह्यलं का पुन्हा?” उकंडराव स्कूटरवरून विचारीत. ओळखपाळख नसलेला ट्रॅक्टरवाला गिअर बदलता बदलता म्हणे, “तुमीच का ते सर?” सर ओट्यावर बसून प्रत्येकाला तेच उत्तर देत. आत जाऊन बसायचीही त्यांच्यात ताकद उरली नव्हती.

एका सकाळी हरिसिंगची जुनी मोटरसायकल ब्रेकरवर चढली, आचके देऊन वरच बंद पडली. तो किक मारत राहिला. ती सुरू होईना. दोघांमध्ये चार हातांचंही अंतर नव्हतं, त्यामुळे विरुद्ध दिशेला पाहण्याची सोय राहिली नाही.

“नापास?” अखेर हरिसिंगनं विचारलं.

“नापास.”

हरिसिंग किक मारायचं थांबला. त्यानं मिशीवरून हात फिरवला. “माह्यामुळं झालं का रे, मास्तर?”

“नाही रे. तू तर नियमात बसून बोलला. सगळ्या कॉलनीत तूच एक नीट बोलला.” सरांनी फाटक उघडलं. “चहा घेतो का?”

“ठेवाले सांग.” हरिसिंग गाडीवरून उतरायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर जुनी माया आली होती. एक पाय खाली टेकवून त्यानं सहज विचारलं, “मंग आता काय करनार?”

“आता नवा विषय,” सर डोळे पुसत म्हणाले. “नव्यानं प्रयोग करायचा. मी म्हणतो कचराकुंडीचा घ्यावा. सगळ्यांना पुन्हा एकदा बसवू, आणि तुझ्या खुर्च्या...”

हरिसिंगनं खाली टेकवलेला पाय उचलला. एकाच किकमध्ये गाडी सुरू झाली. ब्रेकरवरून ती अशी उडाली की मागं अडकवलेली पिशवी रस्त्यावर पडली, तरी त्यानं मागं वळून पाहिलं नाही. सोजरबाईंच्या घराशी तो क्षणभर थांबून नव्या बैठकीचं काहीतरी बोलला, मग उकंडरावांकडं, मग पुढं.

त्या दिवसापासून समता कॉलनीत सर्वात वेगानं गाड्या जातात त्या धम्मपाल सरांच्या घरासमोरून. दूधवाला दूध सांडत जातो, पण थांबत नाही. ट्रॅक्टर तर लांबूनच वेग वाढवत येतात, आणि सर ओट्यावर उभे राहून हात वर करतात, तोवर ते निघून गेलेले असतात.